अँजिओग्राफी साफ, म्हणजे गॅसच?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर कित्येक वर्षं एक मेसेज फिरतोय: बाईची अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र) साफ आली की छातीतलं दुखणं गॅसचं किंवा टेन्शनचं, हृदयाचं नाही.

समज पटण्यासारखा आहे, सीडीवर नळ्या मोकळ्या दिसतात ना! पण दिसतात त्या फक्त मोठ्या रक्तवाहिन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या त्या चित्रात उमटतच नाहीत. ठिबकची मेन लाइन मोकळी असली तरी केळीच्या बुडाशी ड्रिपर तुंबलेले असू शकतात, तसंच हे. बारीक वाहिन्यांचा हा विकार बायकांत जास्त आढळतो. कापूस वेचताना धाप लागते, जबड्यात नाहीतर पाठीत कळ येते, मळमळतं. आणि ओवा चावून दिवस काढले जातात.

पडताळायचं तर रिपोर्ट काढा. ‘नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह’ लिहिलं असेल, तर मोठ्या नळीत मोठा अडथळा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्रास चालूच असेल तर डॉक्टरांना विचारा: स्ट्रेस एमआरआय (हृदयावर ताण देऊन काढलेला) किंवा पेट (PET) स्कॅन करून हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतं का, बघायचं का? (या सोयी तालुक्याला मिळत नाहीत, हे खरंच.) कधी तो गॅसही निघतो. पण दुखणं अचानक उठलं, घाम फुटला, तर रिपोर्ट शोधत बसू नका, १०८ लावा.