गाडी तीन तासांहून जास्त लेट? पूर्ण भाडं परत मिळतं, पण गाडी सुटायच्या आत मागा

गाडी लेट झाली की वैतागून बस पकडायची आणि तिकिटाचे पैसे बुडाले असं समजायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पण तुमचा प्रवास जिथून सुरू होतो त्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर काहीही न कापता भाडं परत मिळतं. कन्फर्म, आरएसी, वेटिंग, अगदी तत्काळ तिकिटावरसुद्धा.

गोम आहे ती वेळेत. समजा, कणकवलीहून रात्री 8 ची गाडी 11.40 ला सुटणार आहे. तर 11.40 च्या आत अर्ज झाला पाहिजे. घरी जाऊन सकाळी बघू म्हणालात, तर हक्क गेला. उतरायच्या स्टेशनवर झालेला उशीर इथे धरत नाहीत.

खिडकीवर काढलेलं तिकीट आरक्षण खिडकीवरच परत करायचं. ऑनलाइन तिकिटासाठी आयआरसीटीसीवर लॉगिन करून ‘माय ट्रान्झॅक्शन्स’मध्ये ‘फाइल टीडीआर’ (टीडीआर म्हणजे परताव्याचा अर्ज) निवडा आणि कारणांच्या यादीतून तीन तासांहून जास्त उशीर, प्रवास केला नाही, हे कारण घ्या. घाईत नुसतं ‘कॅन्सल’ करू नका, नेहमीची कपात होते. टीडीआर भरल्यावर त्या गाडीत चढायचं नाही. रेल्वे पडताळणी करते आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्यातच येतात. सुविधा शुल्क तेवढं परत मिळत नाही. गाडीच रद्द झाली, तर ई-तिकिटाला टीडीआरचीही गरज नाही.

हा झाला भाड्याचा परतावा. उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी, आणि ती आपोआप मिळत नाही. अजमेर-जम्मू गाडी चार तास लेट झाल्याने एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं होतं. त्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं. माझ्या मते प्रवाशांसाठी हा फार मोलाचा निकाल आहे.

अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. तिकीट, गाडीच्या स्थितीचा वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, चुकलेल्या विमानाचं तिकीट, टॅक्सी-हॉटेलची बिलं आणि रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक, एवढं जपून ठेवा.