मेणाची माशी, वासाचे झुरळ

यंत्रप्राणी म्हटले की हुबेहूब दिसणारे, चाकांवर किंवा पंखांवर चालणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते. पण प्राण्यांना फसवण्याच्या या शास्त्राची सुरुवात झाली ती ओबडधोबड ठोकळ्यांपासून.

१९३०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठात प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन स्टिकलबॅक नावाच्या बोटभर माशांचा अभ्यास करत होते. विणीच्या हंगामात या माशांच्या नराचे पोट लाल होते आणि दुसरा नर हद्दीत आला की तो त्याच्या अंगावर धावून जातो. टिनबर्गन यांनी टाकीत नकली मासे सोडले. हुबेहूब, पण पोट लाल नसलेल्या माशाला नराने फारशी किंमत दिली नाही. ना पर ना शेपूट, फक्त खालून लाल रंगवलेल्या ठोकळ्यावर मात्र तो तुटून पडला. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी म्हणे मासे त्या बाजूला झेपावत! लाल रंगाचा खरा प्रभाव किती, यावर पुढे बराच वाद झाला. पद्धत मात्र रुजली.

टिनबर्गन यांच्यासोबत १९७३चे नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशी नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगते, असे दाखवले होते. काहींना ते पटेना. माश्या नाच वाचतात, की नुसता फुलांचा वास हुंगत जातात? याचा निकाल लावायचा तर माणसाच्या मर्जीने नाचणारी माशी हवी. आधीचे प्रयत्न फसले. १९८९ मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्स इथल्या अ‍ॅक्सेल मिखेलसेन आणि सहकाऱ्यांना ती साधली: पितळेचे अंग, त्यावर मेणाचा थर, पंखाच्या जागी दाढीच्या ब्लेडचा थरथरणारा तुकडा आणि चाखायला द्यायला साखरपाणी. यंत्राने दाखवलेल्या दिशेला माश्या खरोखर उडाल्या. जिवंत नाचणारीइतक्या नव्हेत, पण उडाल्या.

तरीही ही यंत्रे एकतर्फीच बोलत. २००२ मध्ये संशोधक गेल पॅट्रिसेली यांनी ऑस्ट्रेलियातल्या बोवरबर्ड पक्ष्यांपुढे यंत्रमादी बसवली आणि मादी दचकली की नर आपल्या प्रियाराधनाचा जोर आवरतो का, हे तपासले. पण मादीची कळ माणसाच्याच हातात होती.

समोरच्याचे पाहून स्वतः निर्णय घेणारे यंत्र २००७ मध्ये गाजले, ब्रसेल्सच्या झुरळांत. काड्यापेटीएवढ्या त्या डब्या झुरळासारख्या दिसतही नव्हत्या. त्यांना फक्त झुरळाचा वास लावलेला होता. बारा झुरळे, चार यंत्रे आणि दोन आडोसे, एक जास्त अंधारा, एक कमी. एरवी झुरळे बहुतेक वेळा जास्त अंधारच निवडत. यंत्रांना कमी अंधारा आडोसा आवडावा असे शिकवले, तेव्हा सुमारे ६० टक्के वेळा कळप त्यांच्यामागे गेला.

उरलेल्या वेळी झुरळांनीच यंत्रांना अंधारात ओढून नेले.