फाईल पाठवण्याआधी: इंडेंट स्पेसबारने देऊ नका

प्रबंध, पुस्तकं, स्मरणिका अशा ज्या फाईली आमच्याकडे टाईपसेटिंगला येतात त्यात एकच गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते, म्हणून हे लिहून देतोय. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायची, म्हणजे इंडेंट द्यायचा, म्हणून स्पेसबार दाबत जायचं, कुठे चार वेळा, कुठे सहा. स्क्रीनवर खपून जातं, पण स्पेसची रुंदी फॉन्टवर ठरते, आम्ही फॉन्ट किंवा साईज बदलली की सगळं पुढेमागे होतं.

खरा घोळ संदर्भसूचीत. तिथे पहिली ओळ बाहेर आणि खालच्या आत हव्यात, म्हणजे हँगिंग इंडेंट. बरेच जण ओळ भरली की एंटर मारतात आणि खालची ओळ स्पेसने ढकलतात. हे टाईप झालेलं असतं ए-फोरवर आणि पुस्तक निघतं डेमीत, 5.5 बाय 8.5 इंच. ओळ आखूड झाली की तुमचा एंटर मधेच येतो, मग प्रकाशकाचं नाव अर्ध्यात तुटतं, "पुणे" एकटंच एका ओळीवर आणि साल खाली भलतीकडे. शिवाय प्रत्येक एंटर म्हणजे वर्डसाठी नवा परिच्छेद, त्यामुळे यादी अकारविल्हे लावायला गेलं की नोंदींची मोडतोड होते.

करायचं एवढंच, की एका नोंदीत मधे एंटर द्यायचा नाही, सगळी यादी सिलेक्ट करून वर्डमध्ये कंट्रोल-टी दाबायचं, की हँगिंग इंडेंट लागतो. साध्या परिच्छेदाला पॅराग्राफ सेटिंगमध्ये 'स्पेशल'खाली फर्स्ट लाईन निवडा. लांब उतारा असेल तर लेफ्ट आणि राईट दोन्हीकडून आत घ्या. अभंग-कवितेत ओळ तोडायला शिफ्ट-एंटर.

आपली फाईल कशी आहे हे बघायचं तर कंट्रोल-शिफ्ट-8 दाबा, प्रत्येक स्पेसचा ठिपका दिसतो. ओळीच्या सुरुवातीला ठिपक्यांची रांग दिसली की समजा.

"टायपिंग आम्हीच केलंय, मग सफाईचे पैसे कशाचे?" असं विचारतात. जादा स्पेस मशीन काढतं हो, पण कुठला एंटर परिच्छेदाचा आणि कुठला नुसती ओळ तोडायला दिलेला हे माणसालाच वाचत जाऊन ठरवावं लागतं, आणि सूची लांब असली की त्यात दिवस जातो. इंडेंट नीट असलेल्या फाईलला आम्ही सफाईचा चार्ज लावत नाही आणि प्रूफही लवकर देतो. सगळं आधीच सेट केलेली कोरी वर्ड फाईल आमच्याकडे फुकट मिळते, लिहायला बसण्याआधीच मागून घ्या.