मॅग्नेटाइट, मेंदूतील

मेंदूच्या ऊतकांत आढळणारे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण. वायुप्रदूषणाच्या मेंदूवरील परिणामांच्या अभ्यासात हे कण गाजले ते मुख्यतः त्यांच्या उगमाविषयीच्या वादामुळे.

मानवी मेंदूतील मॅग्नेटाइटची नोंद जोसेफ कर्शविंक व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केली. बहुतेक भागांत दर ग्रॅममागे सुमारे ५० लाख, तर मेंदूच्या आवरणांत १० कोटींहून अधिक स्फटिक असावेत, असा त्यांचा अंदाज होता. हे स्फटिक चुंबकीय जीवाणूंतील (शरीरात मॅग्नेटाइट घडवणाऱ्या जीवाणूंतील) स्फटिकांसारखे दिसत असल्याने ते शरीरातच घडतात, असे त्यांनी मानले. लँकेस्टर विद्यापीठातील बार्बरा माहर यांच्या गटाने २०१६ मध्ये वेगळे मत मांडले: बरेचसे कण प्रदूषित हवेतून येतात. मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या (वय ३ ते ९२ वर्षे) मेंदूतील नमुने त्यांनी पाहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोनदार स्फटिक होते. पण त्यांहून कितीतरी अधिक कण गोल, गुळगुळीत, काही एकमेकांत वितळून सांधलेले होते. तापून वितळलेला थेंब थिजला की असा आकार येतो; इंजिनातील ज्वलन व ब्रेकचे घर्षण ही त्याची संभाव्य उगमस्थाने. सोबत प्लॅटिनम, कोबाल्ट व निकेलयुक्त कणही सापडले. प्लॅटिनम शरीर स्वतः घडवत नाही, त्यामुळे आकारापेक्षा हाच पुरावा अधिक वजनदार वाटतो.

स्टुअर्ट गिल्डर व सहकाऱ्यांनी मात्र २०१८ मध्ये सात मेंदूंचे मापन करून चुंबकीय द्रव्य मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) व अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) अधिक असल्याचे दाखवले. निरनिराळ्या व्यक्तींत वाटणी सारखीच दिसल्याने त्यांचा कल जैविक उगमाकडे आहे. दोन्ही प्रकारचे कण एकत्र नांदत असणे अशक्य नाही. नमुना पोलादी सुरीने कापल्यास लोह बाहेरूनच मिसळू शकते, याचेही भान ठेवावे लागते.

सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान कण नाकातील घ्राणतंत्रिकेवाटे (वासाच्या नसेवाटे) थेट घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात, पोहोचू शकतात. दुसरा मार्ग फुप्फुसांतून रक्तात. उंदरांत पहिल्या मार्गाला प्रायोगिक आधार आहे. मॅग्नेटाइटमुळे ऑक्सिजनाचे क्रियाशील रेणू तयार होऊन पेशींना इजा होऊ शकते. अल्झायमर विकाराशी कार्यकारण संबंध मात्र सिद्ध झालेला नाही.

वायुप्रदूषण व स्मृतिभ्रंश यांच्या संबंधाविषयी रोगपरिस्थितिविज्ञानाचा (लोकसमूहांतील रोगांच्या अभ्यासाचा) पुरावा या वादावर अवलंबून नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२० च्या आयोगाने वायुप्रदूषणाचा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १२ जोखीमघटकांत समावेश केला. इंधनातील शिसे हे हवेतून येणाऱ्या तंत्रिकाविषाचे (मज्जासंस्थेला घातक द्रव्याचे) याहून जुने व निर्विवाद उदाहरण. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले.