ऊन पडलंय, मग फेरी रद्द का?

(इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या, इचेन नदीकाठच्या हिवाळी पायी फेरीला येणाऱ्यांसाठी)

"डिसेंबरात धो धो पावसानंतर दुसऱ्या दिवशी नेलंत, आणि आता लख्ख ऊन असताना रद्द?" असे फोन आम्हाला दर हिवाळ्यात येतात. रागही रास्त आहे, म्हणून एकदा नीट सांगतो.

इचेन ही खडूच्या टेकड्यांतून येणारी नदी. फळ्यावर लिहायचा तो खडू, तसलाच पांढरा, मऊ दगड. आपल्याकडे काळ्या कातळावरचं पाणी सरळ ओढ्यात उतरतं आणि तासाभरात ओढा गढूळ होतो. इथे पाऊस आधी टेकडीत मुरतो, गाळला जातो आणि झऱ्यांवाटे सावकाश नदीत येतो. म्हणून मोठ्या पावसानंतरही बहुधा तळाचे चकमकीचे दगड दिसतात.

पण मुरलेलं पाणी जात कुठेच नाही. ते काही आठवड्यांनी वर येतं आणि शहराच्या दक्षिणेला सेंट क्रॉस या भागाकडे जाणारी कुरणातली वाट खालून भरते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तर शहर वाचवायला वरच्या अंगाला, मोटरवेच्या पुलाशी, नदीत टनाटनाच्या पिशव्या सोडून प्रवाह अडवावा लागला होता. त्यामुळे आम्ही आभाळ नाही, भूजलाची पातळी बघून ठरवतो. रद्द केल्यास पैसे पूर्ण परत.

वाट बुडाली तरी कॅथेड्रलचं तळघर चुकवू नका. तिथेही हेच पाणी शिरतं आणि अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने घडवलेला पुतळा त्यात उभा असतो, ओंजळीतल्या पाण्याकडे बघत. खचत चाललेल्या या इमारतीचा पाया विल्यम वॉकर या पाणबुड्याने १९०६ ते १९११ अशी वर्षं काळोख्या पाण्यात उतरून सावरला. आमच्या मते हे नदीइतकंच बघण्यासारखं आहे.

गमबूट हवेतच. भारतातून आलेल्या आईंना सांगा, साडीवर गमबूट घातले तरी इथे कुणी वळून बघत नाही. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण १० अंशांचं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सकाळी नदीवर बंबासारखी वाफ दिसते. ती बघायची तर उशीर करू नका. शिवाय डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं.

आणि मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. तळाशी परातीएवढा, नुकताच उकरल्यासारखा स्वच्छ खडीचा पट्टा दिसला, तर तिथे ट्राउट माशाने अंडी पुरलेली असतात. एका बुटाखाली शेकडो चिरडतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आमचा मेसेज येईल. तो बघूनच ट्रेनचं तिकीट काढा.