मधमाशी खोटं बोलत नाही, पण चुकते

चॅटबॉटला ‘सगळं कळतं’ असं सांगणारे लेख हल्ली रोज वाचायला मिळतात. एखादी गोष्ट जगाविषयी असते म्हणजे नेमकं काय, याची चौकशी मात्र त्यांत नसते. तत्त्वज्ञ फ्रांत्स ब्रेंटानो यांनी 1874 मध्ये मनाची खूणच ही मानली होती: विचार नेहमी कशाविषयी तरी असतो, दगड कशाविषयीच नसतो. या दोन टोकांच्या मध्ये मला मधमाशी दिसते.

फुलोरा सापडलेली कामकरी माशी पेटीत परतते आणि अंधारात, उभ्या पोळ्यावर, पोट थरथरवत सरळ धावते. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी हा नाच उलगडला आणि 1973 चं नोबेल मिळवलं. धाव सरळ वरच्या दिशेने असेल, तर सूर्याच्या दिशेने उडा. उभ्या रेषेच्या उजवीकडे 40 अंश कललेली असेल, तर सूर्याच्या उजवीकडे 40 अंश. थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. ढोबळमानाने सेकंदाला किलोमीटर. इतर माश्या अंगाला अंग लावून हे टिपतात आणि निघतात. टिपणारं कुणी नसेल तर ती थरथर म्हणजे नुसती थरथर.

पण धूरही विस्तवाची खबर देतोच की! फरक असा, की धूर चुकत नाही, नाच चुकू शकतो. हे दाखवलं एश, श्रीनिवासन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी माश्यांना भिंतींवर नक्षी असलेल्या, काही मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून खाद्यापर्यंत उडवलं. माशी अंतर मोजते ते डोळ्यांपुढून किती देखावा सरकला त्यावरून. भिंती अगदी जवळ, म्हणून तो भराभर सरकला. परतून तिने नाचात सांगितलं सुमारे 70 मीटर, आणि तिचं ऐकून निघालेल्या माश्या खरोखरच बाहेर तितक्या लांब जाऊन शोधू लागल्या. नक्षीऐवजी बोगद्याच्या लांबीला समांतर पट्टे रंगवले, की सरकण्याचा भासच होत नाही. मग माशी खाद्य अगदी पेटीजवळ असल्यासारखी नाचते.

मग नाच कशाविषयी आहे? मीटरांविषयी नव्हे. त्या वाटेवर किती देखावा सरकेल, याविषयी. दुसऱ्या दिशेला, वेगळ्या झाडोऱ्यावरून, तेवढीच थरथर वेगळ्या अंतराची होते. ऐकणाऱ्या माश्या त्याच वाटेने जातात, म्हणून एरवी हिशेब जुळतो. बोगदा मात्र फक्त नाचणारीने पाहिलेला होता.