52 वजा 27: स्तरानुसार शिकवण्यात यंत्र कसे आले

52 वजा 27 या उदाहरणाचे उत्तर एखादे मूल 35 लिहिते. ही निव्वळ चूक नव्हे. त्याने एककस्थानी सातातून दोन वजा केले, कारण लहान अंक मोठ्यातून काढायचा एवढेच त्याला ठाऊक आहे. दशक सुटा करायचे राहून गेले आहे. शेजारचे मूल 24 लिहिते, तेव्हा त्याला रीत येते, मोजताना फक्त एक घसरला. दोघांना पुढे देण्याचे काम वेगळे. वर्गात डिजिटल साधन उपयोगी पडते की नाही, हे बहुतेक वेळा यावर ठरते की ते या दोन चुकांमध्ये भेद करते का.

यंत्राकडून हे करून घेण्याची खटपट टॅबच्या कितीतरी आधीची आहे. 1954 च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हार्वर्डमध्ये शिकवणारे यंत्र तयार केले. प्रत्येक मूल आपापल्या वेगाने पुढे जाई, पण वाट सर्वांची एकच. अमेरिकी हवाई दलाच्या तंत्रज्ञांसाठी पाठ रचणाऱ्या नॉर्मन क्राउडर यांनी त्याच दशकाच्या अखेरीस वाटेला फाटे फोडले: जे चुकीचे उत्तर निवडाल, त्या चुकीसाठी लिहिलेल्या पानावर जाल. 1960 च्या दशकात स्टॅनफर्डच्या पॅट्रिक सपीस यांच्या अंकगणिताच्या सरावात काठिण्याच्या पाच पायऱ्या होत्या आणि आदल्या दिवसाच्या गुणांवरून मुलाची पायरी ठरे. आजची ‘अनुकूली’, म्हणजे मुलाप्रमाणे बदलणारी, अॅप्स मुळात याच दोन कल्पनांवर चालतात: चुकीनुसार फाटा आणि गुणांनुसार पायरी.

भारतात या प्रश्नाला हात घातला तो आधी माणसांनी. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15 ते 20 मुले रोज दोन तास वेगळी बसवून शिकवी. वडोदऱ्यात याच्या जोडीला संगणक आला. राज्य सरकारने तिथल्या महापालिकेच्या 100 शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, पण ते फारसे वापरात नव्हते. ‘प्रथम’ने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास ठरवले. एका संगणकावर दोन मुले, गणिताचे खेळ, आणि मुलाला जमेल तसा खेळ अवघड होत जाई.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी या उपक्रमांचा परिणाम मोजला. निबंध 2007 मध्ये छापून आला. संगणकामुळे गणितातली वाढ पहिल्या वर्षी 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 प्रमाण विचलन होती. दुसरा आकडा असा समजून घ्यावा: गुणांच्या चढत्या क्रमाने 100 मुले उभी केली, तर 50 व्या जागेवरचे मूल साधारण 68 व्या जागी पोहोचते. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदा ओसरून 0.10 च्या आसपास उरला. हा भाग सांगताना सहसा गाळला जातो, आणि ते चुकीचे आहे. पाया भरून निघाल्यावरही मूल परत त्याच वर्गात, त्याच वेगाने पळणाऱ्या पाठ्यपुस्तकासमोर बसत होते.

2015 मध्ये दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकप्रणालीची चाचणी झाली, तेव्हा दरी किती खोल आहे ते आकड्यांत दिसले. सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले. माइंडस्पार्कच्या केंद्रात रोज 90 मिनिटे: 45 मिनिटे संगणक, 45 मिनिटे छोट्या गटात शिकवणारी व्यक्ती. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची वाढ झाली. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ठळक फरक पडला नाही. परीक्षा सातवी-आठवीची, आणि मूल शिकत होते त्याच्या कितीतरी खालच्या इयत्तेचे. असे अॅप वापरणाऱ्या शिक्षकाने घटक चाचणीचे गुण पाहून निराश होण्याआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

महाराष्ट्रात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर मूल कुठवर आले आहे हे पाहणाऱ्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. त्याच काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब घेत हजारो जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ झाल्या, आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. या शाळा शिक्षकांनी आणि गावांनी पदराला खार लावून उभ्या केल्या, त्याचे मोल मोठेच आहे. पण कोड असतो पाठाला. पाचवीतल्या अक्षर न ओळखणाऱ्या मुलालाही तो पाचवीचीच चित्रफीत दाखवतो. मुलाचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रोजेक्टरचेही तेच.

म्हणून 30 चा पट आणि सहा टॅब असतील तर सुरुवात टॅबपासून करू नये. प्रत्येक मुलाकडून अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने तोंडी वाचून घ्यावे. मुलामागे तीन-चार मिनिटे, म्हणजे सगळ्यांना मिळून दोन तासांच्या आसपास, दोन-तीन दिवसांत विभागून. त्यावरून स्तरानुसार गट पाडावेत. टॅब एका वेळी एकाच गटाला, 20-25 मिनिटे. एका टॅबवर दोघे बसवायचे तर एकाच स्तरातले, नाहीतर हुशार मूल बोट चालवते आणि दुसरे बघत राहते. सर्वांत मागच्या गटाजवळ त्या वेळी शिक्षकाने स्वतः बसावे. अक्षर ओळखत नसलेल्या मुलाला पडद्यावरची सूचनाही वाचता येत नाही. आणि आठवड्यातून एकदा अॅपमधली चुकलेली उत्तरे वहीत उतरवावीत, नुसती टक्केवारी नव्हे. 35 लिहिणारी मुले एका बाजूला, 24 लिहिणारी दुसऱ्या.